ट्रेकिंग पोल, आठ महिन्यांनंतर: काठी ठीक, टोकाच्या रबरी टोपीने वात आणला

तीन भागांची, अ‍ॅल्युमिनियमची, पिळून आवळायच्या काठ्यांची जोडी. किनाऱ्याने चालत जाऊन टेकडी चढायची, अशा वाटांवर आठ महिने वापरली आणि एका काठीचा खालचा भाग आतच अडकला, म्हणून हे लिहायला बसलो.

पण आधी टोपी. टोकावरचं ते रबरी बूच चिखलात रुततं आणि काठी उपसली की तिथेच राहतं. पाच गेली! ‘लावूच नका’ म्हणणं सोपं आहे. जुन्या तटबंदीच्या झिजलेल्या पायऱ्यांवर काठीचं कार्बाइडचं (कठीण धातूसारखं) उघडं टोक सटकतं, वर दगडावर ओरखडे उठतात ते वेगळेच. म्हणजे मातीत काढा, दगडावर लावा, दिवसभर हेच. विकत घेताना टोपीत बोट घालून बघा: तळाला धातूची चकती हवी. नसेल तर टोक रबर फोडून बाहेर येतं. सैल बसत असेल तर टोकाच्या वर प्लॅस्टिकच्या भागाला चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि टोपी पिळत दाबा.

आता अडकलेला भाग. सेवा केंद्राने ‘गैरवापर’ म्हणून वॉरंटी नाकारली, तेव्हा पाचपैकी एकच तारा देणार होतो. गरम पाण्यात भिजवून, दोघांनी दोन टोकं धरून पिळत ओढल्यावर नळी सुटली. आत वाळू आणि पांढरी भुकटी: खाऱ्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लेलं. चूक वापरणाऱ्याचीच, तारे वाढवले. (माहितीपत्रकात खाऱ्या पाण्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून पूर्ण पाच नाहीत.)

किनाऱ्यावरून आलात की तिन्ही भाग वेगळे करा, गोड्या पाण्याने धुवा, पुसा, रात्रभर सुटेच ठेवा. तेल अजिबात नको. आतल्या स्क्रूवरची प्लॅस्टिकची गोटी फुगून नळीला आतून धरते, तेल लागलं की तीच घसरते आणि उतारावर भार टाकताच काठी खाली बसते. नुसतीच गोल फिरत असेल, आवळत नसेल, तर भाग बाहेर काढून गोटी हाताने एक-दोन आटे फिरवा.

लांबी: सपाटीवर काठी टेकवल्यावर कोपर काटकोनात, चढाला ५ ते १० सेंमी कमी, उताराला तेवढीच जास्त. नळीवरच्या शेवटच्या खुणेपलीकडे ओढू नका, तिथेच वाकते.

पुढची जोडी बाहेरून खटक्याने आवळायची घेणार. टोपी तिचीही पडणारच, म्हणून दोन जादा आत्ताच बॅगेत टाकल्यात.