पावसाळ्यात डर्बी ते कुनुनुरा: गिब रिव्हर रोड की हायवे?
जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन पावसाळ्यात, पश्चिम ऑस्ट्रेलियातील डर्बीहून कुनुनुराला गाडीने निघालेल्या माझ्या भाचीला सुमारे ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड जवळचा वाटतो, कारण फिट्झरॉय क्रॉसिंगवरून जाणारा डांबरी ग्रेट नॉर्दर्न हायवे अडीचशेएक किलोमीटरने लांब पडतो.

इंधनाचा खर्च वाढेल हे खरे. परंतु पावसाळ्यात गिबचा कच्चा रस्ता बहुतेक काळ बंदच असतो, आणि वाटेत आडव्या येणाऱ्या पेंटेकॉस्ट नदीच्या गढूळ पाण्यात मगरी असल्यामुळे पायी उतरून खोली पाहणेही जिवावर बेतू शकते.

हायवेही पूर्ण निर्धोक नाही. जानेवारी २०२३ च्या पुरात फिट्झरॉय नदीवरचा पूल मोडला आणि नवा पूल त्याच वर्षी डिसेंबरात खुला झाला. पुराने वाट अडू शकते, त्यामुळे जास्तीचे पिण्याचे पाणी व शिधा सोबत हवाच.

ज्याला पोहोचणे भाग आहे, त्याने हायवेच धरावा. घळी आणि धबधबे पाहायचे असतील, त्याने तिथल्या कोरड्या हंगामापर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, थांबून गिबने जावे.