पोटऱ्या वाढवायच्या तर उभ्यानं की बसून?

बहुतेक जिममध्ये पोटऱ्यांसाठी दोन मशीन असतात. एकात खांद्यावर पॅड घेऊन उभ्यानं टाचा उचलायच्या, दुसऱ्यात बसून, मांड्यांवर पॅड घेऊन. लेग डेच्या, म्हणजे पायांच्या व्यायामाच्या दिवसाच्या, शेवटी पाय लटपटत असतात, त्यामुळे माणूस साहजिकच बसायचं मशीन गाठतो. वेळ थोडा असेल आणि दोन्हींतलं एकच जमणार असेल, तर माझं मत सरळ आहे: उभ्यानं करा.

कारण पोटरीच्या रचनेतच आहे. बाहेरून दिसतो तो दोन भागांचा फुगीर स्नायू म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस. त्याचं वरचं टोक गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला जोडलेलं असतं. त्याच्याखाली सोलियस असतो आणि तो गुडघ्याच्या खालूनच सुरू होतो. दोघंही अकिलीसच्या कंडरेतून, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीतून, टाचेला येऊन मिळतात. गुडघा वाकला की गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि बरंचसं काम सोलियसवर येतं. बसून टाचा उचलताना नेमकं हेच होतं.

2023 मध्ये जपानी संशोधकांनी हे मोजून पाहिलं. प्रत्येक माणसाचा एक पाय उभ्यानं आणि दुसरा बसून, आठवड्यातून दोनदा, 10 रेप्सचे 5 सेट (सलग 10 वेळा टाच उचलायची, अशा 5 फेऱ्या), असं 12 आठवडे. उभ्यानं केलेल्या पायात गॅस्ट्रोक्नेमियसचा बाहेरचा भाग 12.4 टक्के वाढला, बसून केलेल्या पायात 1.7 टक्के. आतला भाग 9.2 टक्के, तर बसलेल्या पायात 0.6. सोलियसची वाढ 2.1 आणि 2.9 टक्के, म्हणजे फरक नसल्यात जमा. ज्या स्नायूसाठी म्हणून बसायचं मशीन घ्यायचं, तिथंही उभ्याचा पाय मागे पडला नाही. माणसं थोडी होती आणि व्यायामाला नवखी होती, हे ध्यानात ठेवावं. पण फरक एवढा मोठा आहे की कानाडोळा करता येत नाही.

म्हणून बसायचं मशीन टाकाऊ ठरत नाही. धावणाऱ्याच्या सोलियसवर प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, त्याला ते हवंच. ज्याची कंबर खांद्यावरचा भार सोसत नाही, त्यानं मात्र बसायच्या काफ मशीनऐवजी लेग प्रेसवर (पाठ टेकून पायांनी प्लेट ढकलायचं मशीन) पाय सरळ ठेवून चवड्यांनी प्लेट ढकलावी. गुडघा सरळच राहतो आणि कंबरेवर ओझं येत नाही.

मशीन कुठलं, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे टाच किती खाली जाते. पिनेत सगळ्या प्लेटा अडकवून वरच्या वर चार बोटं उसळ्या मारणारा गडी प्रत्येक जिममध्ये भेटतो. त्याच्या उसळीतलं बरंचसं काम कंडरा स्प्रिंगसारखी करते, स्नायूच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात तरुण मुलींचे गट करून 8 आठवडे काफ रेज (टाचा उचलण्याचा हाच व्यायाम) करून घेतले: एका गटानं फक्त खालची अर्धी हालचाल केली, एकानं पूर्ण, एकानं फक्त वरची अर्धी. गॅस्ट्रोक्नेमियसचा आतला भाग अनुक्रमे 15.2, 6.7 आणि 3.4 टक्के वाढला. टाच खाली असताना, स्नायू ताणलेला असताना केलेलं काम सगळ्यात जास्त फळलं. मी तरी असं सुचवीन: टाच पूर्ण खाली सोडा, तिथं दोन आकडे मोजा, मग उसळी न घेता वर या. वर येणं जमेनासं झालं की खालच्या अर्ध्यात चारपाच रेप्स आणखी काढा. वजन निम्म्यावर आणावं लागेल. चारचौघांत ते थोडं लागतं, पण इलाज नाही.

घरी करायचं असेल तर जिना पुरतो. एका पायाचा चवडा पायरीच्या कडेवर, टाच हवेत, दुसरा पाय मागे दुमडलेला. 70 किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला, की दोन्ही पायांवर मिळून जवळपास 140 किलो घेतल्यासारखंच झालं. 15 सहज निघायला लागले की पाठीवर पुस्तकांची सॅक. कडप्प्याची कड अनवाणी पायाला रुतते आणि मग चवडा दुखतो म्हणून सेट अर्धवट सुटतो, तेव्हा बूट घालाच. कठड्याला हात तोलापुरता. दमल्यावर हातानं ओढून घेणं आणि गुडघा वाकवून झटका देणं, या दोन चोऱ्या सगळेच करतात.

जड वजनात 6 ते 10 रेप्स की हलक्यात 20 ते 30? दमेपर्यंत केले तर वाढ जवळपास सारखीच होते, सांध्यांना जे मानवेल ते घ्या. पंजे बाहेर वळवले की आतला भाग थोडा जास्त वाढतो, आत वळवले की बाहेरचा. पण हे नंतरचं नक्षीकाम.

आपल्याकडे हमखास विचारलं जातं ते बैठका, दोरीवरच्या उड्या आणि सिंहगडाबद्दल. बैठकांत गुडघा पूर्ण मिटतो, गॅस्ट्रोक्नेमियसला फारसं काही मिळत नाही, मांड्या होतील. दोरीनं दम आणि चपळाई येते, पण टाच पायरीखाली उतरतच नाही. दर रविवारी गड चढल्यानं पोटरी कणखर होते, आकार मात्र लवकरच थांबतो, कारण पाठीवरचं ओझं आठवड्यागणिक कुणी वाढवत नाही. चौथा पर्याय निव्वळ ताणण्याचा. जर्मनीत रोज एक तास पोटरी ताणून 6 आठवड्यांत तिची जाडी सुमारे 15 टक्के वाढल्याचं दिसलं. ज्याच्याकडे रोज तास आहे त्यानं खुशाल करावं.

स्नायू कुठं संपून कंडरा कुठं सुरू होते, ते जन्माबरोबर येतं. वर संपणारी पोटरी जाड होईल, खाली घोट्यापर्यंत भरणार नाही. अर्नोल्ड श्वार्झनेगरनं मात्र आपल्या कमजोर पोटऱ्या सगळ्यांना दिसाव्यात म्हणून ट्रॅक पँट खालून कापून टाकली होती आणि त्यानंतर लेग डेचं शेपूट म्हणून त्यांना ठेवलं नाही. आठवड्यातून दोनदा, व्यायामाच्या सुरुवातीलाच 4-5 सेट, एवढं कुणालाही जमावं.

पहिल्या आठवड्यात जिना उतरताना बोंब होईल, ते चालायचंच. पण टाचेच्या मागे, कंडरा हाडाला मिळते नेमकं तिथं दुखत असेल, तर खोल ताण काही दिवस बंद करून सपाट जमिनीवर करा. आणि एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली, तर व्यायाम सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.