टेलॉसबी मोट: पाच वर्षं, बावीस नोड आणि व्होल्टेजचा एक रकाना

माझ्या बिनतारी सेन्सर नेटवर्कमधल्या सतरा नंबरच्या नोडनं, म्हणजे टेलॉसबी मोट या बॅटरीवरच्या छोट्या बोर्डनं, सलग नऊ दिवस बॅटरीचं व्होल्टेज ३.०० असंच पाठवलं. शेजारच्या नोडांचे आलेख हळूहळू उतरत होते आणि हा मात्र पट्टीनं आखल्यासारखा सरळ. आधी मला वाटलं, सेल चांगले निघाले. मग वाटलं, बोर्ड बिघडला. शेवटी माहितीपत्रक उघडून बसले तेव्हा उलगडा झाला. या मोटचा मायक्रोकंट्रोलर स्वतःचा पुरवठा मोजताना तो निम्मा करतो आणि १.५ व्होल्टच्या ठरावीक संदर्भ-व्होल्टेजशी ताडतो. म्हणजे ३ व्होल्टच्या वरचं त्याला दिसतच नाही, १२ बिटांचा आकडा ४०९५ वर जाऊन टेकतो. सतरामध्ये मी कोरे अल्कलाइन सेल घातले होते, बाकीच्यांत अर्धे वापरलेले. कोऱ्या सेलची जोडी ३.२ व्होल्टच्या आसपास असते. नोड खोटं बोलत नव्हता, त्याच्या मोजपट्टीचं टोकच आलं होतं.

त्या दिवसापासून टेलॉसबीबद्दल माझं मत बनत गेलं आणि आज पाच वर्षांनी ते पक्कं आहे: बिनतारी सेन्सर नेटवर्कवर संशोधन शिकायचं असेल तर यासारखा गुरू नाही. त्याच्याकडे ताकद फार नाही. पण त्याच्या आकड्यांवर कधी विश्वास ठेवू नये हे तो सांगतो, फक्त आपण विचारायला हवं.

ज्यांनी हा बोर्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन एए सेलच्या खोबणीवर बसलेली एक लांबट पट्टी, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला बोर्डावरच छापलेला अँटेना. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा १६ बिटांचा एमएसपी४३० मायक्रोकंट्रोलर, १० केबी रॅम, प्रोग्रामसाठी ४८ केबी फ्लॅश, शिवाय नोंदी साठवायला १ एमबीची वेगळी फ्लॅश. रेडिओ सीसी२४२०, २.४ गिगाहर्ट्झवर, सेकंदाला २५० किलोबिट. लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आणि दोन बटणं. तापमान आणि आर्द्रतेसाठी एसएचटी११, प्रकाशासाठी दोन फोटोडायोड. 'मोट' म्हणजे धुळीचा कण. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात क्रिस पिस्टर यांनी 'स्मार्ट डस्ट'ची, म्हणजे धुळीएवढ्या सेन्सरांची, कल्पना मांडली, तिथून ते नाव रुळलं. टेलॉसची रचनाही बर्कलीचीच, डेव्हिड कलर यांच्या गटाची, २००४-०५ च्या सुमाराची. म्हणजे आपण वीस वर्षांपूर्वीच्या वस्तूबद्दल बोलतोय. तरीही बोलावंसं वाटतं.

पहिला धडा रेडिओचा. सेन्सर नेटवर्कमध्ये बॅटरी खातं ते बोलणं, असा नवख्या माणसाचा समज असतो, माझाही होता. सीसी२४२० पूर्ण ताकदीनं पाठवताना १७.४ मिलीअँपिअर घेतो आणि नुसता ऐकताना १८.८. ऐकणं बोलण्यापेक्षा महाग! रेडिओ सतत चालू ठेवला तर मायक्रोकंट्रोलर धरून २० मिलीअँपिअरच्या पुढे जातं. २५०० मिलीअँपिअर-तासांचे सेल पाचेक दिवसांत संपतात. माझा पहिला प्रयोग नेमका असाच पाचव्या दिवशी विझला. त्यानंतर मी एलपीएल, म्हणजे लो पॉवर लिसनिंग, मन लावून वाचलं. नोड झोपतो, ठरावीक वेळानं क्षणभर डोळा उघडून हवेत काही चाललंय का ते बघतो आणि पुन्हा झोपतो. पाठवणाऱ्यानं समोरचा जागा होईपर्यंत तेच पॅकेट पुन्हा पुन्हा म्हणत राहायचं. खर्च ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे सरकतो, आणि मिनिटाला एखादं रीडिंग पाठवणाऱ्या नेटवर्कला हा सौदा फार फायद्याचा पडतो. झोपेतला बोर्ड काही मायक्रोअँपिअरवर भागवतो. हे सगळं पुस्तकात आहेच. पण सेल आपल्या हातानं बदलावे लागले की ते अंगात भिनतं.

आता फ्लॅशबद्दल, कारण माझा सगळ्यात मोठा तोटाही तिथेच झाला आणि सगळ्यात मोठा फायदाही.

मी बावीस नोड एका मोठ्या वाचनकक्षात लावले होते. दर मिनिटाला तापमान, आर्द्रता, व्होल्टेज. प्रत्येक नोंद १६ बाइटांत बसवली. १ एमबी फ्लॅशमध्ये अशा ६५,५३६ नोंदी मावतात, म्हणजे पंचेचाळीस दिवसांच्या. म्हणून ठरवलं, रीडिंग रेडिओवरून पाठवायचंच, पण एक प्रत बोर्डावरही ठेवायची. रेडिओवरचा डेटा बरा वाटत होता. एकूण दहातलं एखादं पॅकेट हरवत होतं, तेवढं चालतं असं आमच्या गटातले सगळे म्हणत. गाळलेल्या जागी आजूबाजूच्या दोन रीडिंगांची सरासरी घालायची आणि पुढे जायचं.

प्रयोग संपल्यावर नोड उतरवले, यूएसबीला लावून फ्लॅश वाचली आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. गर्दीच्या तासांत फ्लॅशवरची सरासरी रेडिओवरच्या सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाहून जास्त होती. कारण कळल्यावर मी बराच वेळ खुर्चीत नुसती बसून राहिले. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. कक्ष भरला की पॅकेटं हरवायची. कक्ष भरला की तापमानही चढायचं. म्हणजे हरवत होती ती नेमकी गरम रीडिंगं. दिवसभराची गळती दहा टक्के दिसत होती, पण ती दिवसभर सारखी पसरलेली नव्हती, गर्दीच्या तासांत साचलेली होती. आणि कधी कधी एकेक तास सलग गायब असताना दोन टोकांची सरासरी घालून मी त्या तासाचा चढ स्वतःच्या हातानं पुसत होते.

संख्याशास्त्रात याला नाव आहे, गहाळ असण्याचा संबंध मूल्याशीच असणं. व्याख्या मला आधीही पाठ होती. टेलॉसबीनं ती खरी करून दाखवली, आणि ते केवळ त्याच्यावर दुसरी प्रत ठेवायची सोय होती म्हणून. आजकालचे कितीतरी स्वस्त नोड थेट सर्व्हरला डेटा पाठवतात आणि विसरून जातात. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्याला आपलं काय हरवलं हे कळायचा मार्गच उरत नाही. नोड निवडताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारते.

तोटा असा की बावीसपैकी सहा नोडांच्या फ्लॅशवर शेवटच्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी नव्हत्याच. हेच नोड रेडिओवर शेवटपर्यंत व्यवस्थित बोलत होते! पुन्हा माहितीपत्रक. बोर्ड २.१ व्होल्टपर्यंत चालतो, पण फ्लॅशमध्ये लिहायला किमान २.७ लागतात. त्या सहांत जुने सेल होते आणि व्होल्टेजचा रकाना २.७ च्या खाली गेल्याचं रोज सांगत होता. मी तो रकाना केवळ सेल कधी बदलायचे एवढ्यासाठी बघत होते. चूक माझी, आणि ती मला आजही सलते, कारण ते दिवस परत मिळणार नव्हते.

व्होल्टेजचं आणखी एक. एसएचटी११ कच्चा आकडा देतो, तो ०.०१ नं गुणायचा आणि ३९.६ वजा करायचे की अंश सेल्सिअस मिळतात. हे सूत्र सगळीकडे उतरवलेलं सापडतं. पण ३९.६ हा स्थिरांक ३ व्होल्टसाठी आहे, २.५ व्होल्टला तो ३९.४ होतो. दुरुस्ती केली नाही तर सेल उतरत जातील तशी खोलीही हळूहळू थंड होताना दिसते, ०.२ अंशानं. सेन्सरची अचूकताच ±०.४ ची, मग ०.२ ला कोण विचारतो, असं एका सहकाऱ्यानं म्हटलं. मला हे पटत नाही. सगळे नोड एकाच दिशेला एकाच वेगानं सरकत असतील तर ती चूक सरासरीत विरून जात नाही, तिचा कल होतो. आणि महिनाभराच्या डेटात आपण नेमके कलच शोधत असतो.

विद्यार्थ्यांना हे पटवायला मी बर्कलीतल्या इंटेल संशोधन प्रयोगशाळेचा खुला डेटासंच देते. २००४ चा, २८ फेब्रुवारी ते ५ एप्रिल, ५४ सेन्सर, दर ३१ सेकंदांनी रीडिंग, एकूण सुमारे २३ लाख नोंदी. तो करणाऱ्यांनी व्होल्टेजचा रकाना ठेवला याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पहिलं काम एवढंच देते: गुणाकार करा. ५४ सेन्सर, ३८ दिवस, ३१ सेकंद धरले तर ५७ लाखांच्या आसपास नोंदी हव्यात. मग आहेत त्यांच्या आकड्याकडे पाहा. दुसरं काम, तापमान शंभराच्या वर गेलेल्या ओळी काढा आणि शेजारी व्होल्टेज वाचा. बॅटरी मरायला लागलेल्या सेन्सरचं तापमान वर वर चढत जाऊन १२२.१५३ वर अडकतं, ओळींमागून ओळी. नुसता तापमानाचा रकाना घेऊन विसंगती शोधणारं मोठं मॉडेल चालवण्याआधी हे बघायला दोन मिनिटं लागतात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. चॅनेल २६ वापरा, तो २४८० मेगाहर्ट्झवर आहे आणि वायफायच्या गोंगाटापासून बराच लांब राहतो. सिग्नलची ताकद वाचताना रजिस्टरच्या आकड्यातून ४५ वजा करायचे असतात, नाहीतर डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) म्हणून भलतंच काही प्रबंधात जातं. पोच हरवली की पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, म्हणून सरासरी काढण्याआधी नोड क्रमांक आणि अनुक्रमांक बघून दुबार नोंदी काढा. नेसी या मोटच्या प्रोग्रामिंग भाषेत नेटवर्कसाठीचे डेटाप्रकार मोठा बाइट आधी ठेवतात आणि चिप स्वतः लहान बाइट आधी, त्यामुळे फ्लॅशची प्रत आणि रेडिओची प्रत एकाच स्क्रिप्टनं वाचायला जाल तर आकडे उलटेपालटे दिसतील. एक अख्खा रविवार मी त्यात घालवलाय.

सॉफ्टवेअरबाबत मात्र वाईट वाटतं. टायनीओएस या मोटवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची शेवटची २.१.२ ही आवृत्ती २०१२ ची. नव्या संगणकावर तिची सगळी साखळी उभी करणं हे एक काम होऊन बसतं, मी एक जुनी आभासी मशीन त्यासाठीच जपून ठेवली आहे. 'मेक टेलॉसबी इन्स्टॉल कॉमा सतरा' म्हटलं की सतरा नंबरचा नोड तयार होतो, हे अजूनही सुखाचं वाटतं. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं कॉन्टिकी-एनजी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे जावं. तिथे कूजा या सिम्युलेटरमध्ये हाच बोर्ड 'स्काय' नावानं मिळतो आणि नोडाची खरी बायनरी सूचनागणिक चालवून बघता येते. बोर्ड हातात येण्याआधी दोन आठवडे कूजात घालवले तर पुढचे दोन महिने वाचतात. पण ४८ केबीची मर्यादा लवकर आडवी येते. आयपीव्ही६, आरपीएल (पॅकेटचा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल) आणि स्वतःचा प्रोग्राम एवढं बसवताना मला प्रत्येक छपाईचा मजकूर काढून टाकावा लागला. सिम्युलेटरमध्ये वाचनकक्षातली माणसं नसतात, हेही लक्षात असू द्या.

खरेदीचा अनुभव मिश्र आहे. या रचनेचे बोर्ड अनेकांनी बनवले. आमची पहिली खेप उत्तम निघाली. दुसरी खेप ज्या विक्रेत्याकडून घेतली तिच्यात तीन बोर्डांच्या सेलच्या पट्ट्या ढिल्या होत्या, धक्का लागला की नोड रीसेट व्हायचा आणि अनुक्रमांक पुन्हा शून्यापासून. डेटात ते पॅकेट हरवल्यासारखं दिसतं. म्हणून आता प्रत्येक पॅकेटमध्ये रीसेटची गणतीही एका बाइटात पाठवते. सेन्सर असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार असतात, दिसायला जवळपास सारखे. मागवताना स्पष्ट विचारून घ्या, आमच्याकडे चार बिनसेन्सरचे आले, तेच आता पॅकेट पुढे ढकलायला वापरतो.

शेतात किंवा कारखान्यात वर्षानुवर्षं ठेवायला मी हा बोर्ड सुचवणार नाही. त्याला आवरण नाही, पल्ला इमारतीच्या आत शंभर मीटरांहून कमी आणि आता त्याहून कमी विजेवर चालणारे रेडिओ मिळतात. प्रयोगशाळेसाठी, पहिल्या प्रबंधासाठी, डेटा कसा जन्मतो ते बघू इच्छिणाऱ्या विश्लेषकासाठी मात्र जुने का होईना, चार बोर्ड मिळवा. एक सेल कोरे घालून लावा, एक अर्धे वापरलेले घालून, दोघांना एकाच टेबलावर ठेवा आणि महिनाभर काहीही न बदलता नोंदी घ्या.

सतरा नंबर अजून चालू आहे. आज सकाळी त्यानं २.६४ पाठवलं, त्यामुळे त्याच्या फ्लॅशवरची प्रत मी कालपासून धरत नाही.