क्वार्कसाठी मागवलेलं कल्चर: आठ महिन्यांनंतर

"अगं, हा तर चक्काच की!" मी घरी केलेल्या क्वार्कच्या पहिल्या घासाला सासूबाई म्हणाल्या. गेल्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. त्यांचं म्हणणं पाऊण खरं आहे. उरलेल्या पाव हिश्शासाठी मी आठ महिने दुधाची पातेली उपसली.

नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला होते. तिथे दुकानात दह्याच्या शेजारीच क्वार्कचे डबे असतात, आणि लोक ते पोळीभाजीइतक्या सहजपणे खातात. ताजं, न मुरवलेलं, बिनमिठाचं चीज. ऑस्ट्रियात याला टोपफेन म्हणतात. खुद्द 'क्वार्क' हा शब्द जर्मनांनी शेजारच्या स्लाव भाषांतून घेतलेला, पोलिश 'त्वारोग'च्या नात्यातला. पुण्यात परतल्यावर पनीर, चक्का, क्रीम चीज सगळं खाऊन पाहिलं, पण ती चव काही सापडली नाही. शेवटी मेसोफिलिक कल्चरची (बेताच्या उबेत वाढणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाची) एक पुडी आणि शाकाहारी रेनेटची (दूध घट्ट करणाऱ्या विकराची) छोटी बाटली मागवली.

आपल्या दह्यातल्या जिवाणूंना ४२ ते ४५ अंशांची ऊब आवडते, म्हणून विरजण लावताना दूध कोमट लागतं. या पुडीतल्यांना २० ते ३० अंश पुरतात, आणि ते सावकाश काम करतात. त्यातला एक प्रकार दुधातल्या सायट्रेटपासून डायअसिटिल बनवतो. ताज्या लोण्याला जो वास असतो, तो त्याचाच. म्हणून क्वार्क दह्यासारखं टोकदार आंबट न लागता जरा लोण्यासारख्या, गोल चवीचं लागतं.

माझी रीत आता ठरून गेली आहे. पिशवीतलं गाईचं दूध २ लिटर, २८ अंशांपर्यंत कोमट करायचं. वर पाव चमच्याच्याही निम्मं कल्चर भुरभुरायचं, पाच मिनिटं ओलं होऊ द्यायचं, मग हळूच खालवर ढवळायचं. उकळून गार केलेल्या पाव वाटी पाण्यात रेनेटचे दोनच थेंब घालून ते दुधात मिसळायचं. नळाचं पाणी तसंच वापरू नये, क्लोरीनमुळे रेनेट निकामी होतं. झाकण ठेवायचं आणि विसरून जायचं. पंधरा-सोळा तासांनी दही कडेपासून सुटतं, वर पाण्याचा पातळ थर येतो. मग पंच्यात बांधून सहा-सात तास टांगायचं. साधारण ४०० ग्रॅम निघतं.

पहिल्या खेपेला हे काहीही जमलं नाही, कारण मी दूध आधी खळखळून उकळलं होतं. आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय जिवाला चैन नसते ना! पण उकळल्यावर दुधातली इतर प्रथिनं केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटून बसतात, मग रेनेटने लागलेलं दही लिबलिबीत राहतं आणि पाणी सोडत नाही. रात्रभर टांगूनही पंच्यातून थेंब-थेंब चालूच होतं. पिशवीचं दूध ७२ अंशांवर पाश्चराइज होऊनच येतं, ते पुन्हा उकळायची गरज नाही. सुटं दूध घेत असाल तर मात्र ६३ अंशांवर अर्धा तास धरा. कच्च्या दुधाचं चीज करू नका, बकरीच्या तर नाहीच नाही. खोक्यातलं यूएचटी (अतिउच्च तापमानावर तापवलेलं) दूधही मी एकदा वापरून पाहिलं. दही लागलं, पण खिरीसारखं.

डिसेंबर-जानेवारीत सगळं छान चाललं होतं. रात्री ओट्यावर १८-१९ अंश असायचे, त्यामुळे वीस तास लागायचे, पण चव सगळ्यात सुरेख तेव्हाचीच. खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. दुपारी स्वयंपाकघरात ३५ अंश. नऊ तासांतच आंबट, फाटलेलं दही, वर बोटभर पाणी. मग सासूबाईंनी तोडगा सुचवला: परातीत पाणी, त्यात पातेलं, पातेल्याभोवती ओलं फडकं, फडक्याची टोकं पाण्यात. माठाचंच तत्त्व. थर्मामीटर २७ दाखवायला लागला! जूनमध्ये पाऊस लागला, हवा दमट झाली आणि हीच युक्ती चालेनाशी झाली. सध्या थर्माकोलच्या खोक्यात गार पाण्याची बाटली ठेवते.

एप्रिलमध्येच दुसरी पुडी मागवली, ती पाच दिवस उन्हात हिंडून साध्या पाकिटातून आली. चोवीस तासांनी दूध होतं तसंच, नुसतं वास मारणारं. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, दाद नाही. तेव्हापासून मागवायचं ते थंडीतच, आणि आल्याबरोबर फ्रीजरमध्ये.

एवढं महागाचं कल्चर दर खेपेला कशाला, थोडं विरजणाला ठेव की, हा सासूबाईंचा पुढचा सल्ला. तोही मानला. दोन-तीन खेपा उत्तम गेल्या. पाचव्या-सहाव्या खेपेला लोण्याचा वास गेला आणि नुसता आंबटपणा उरला. पुडीत तीन-चार जातींचे जिवाणू ठरावीक प्रमाणात असतात. दर खेपेला ते प्रमाण ढळत जातं आणि जोमदार तेवढे शिल्लक राहतात. आता मी एका चिमटीवर तीन खेपा काढते, मग ताजं.

एक पातेलं मात्र अख्खं फेकावं लागलं. दही स्पंजासारखं फुगून वर तरंगत होतं. दोन-चार बुडबुडे दिसले तर घाबरायचं कारण नाही, लोण्याचा वास देणारे जिवाणू थोडा वायू करतातच. पण असं फुगलेलं दही, त्याला यीस्टचा किंवा घाणेरडा वास, म्हणजे भलतंच काही शिरलंय. चाखूनसुद्धा पाहू नये. दोष पंच्याचा असावा, पावसात नीट न वाळलेला. आता दर वेळी पंचा उकळून घेते. साबणही लावत नाही, नाहीतर चीजला त्याचा वास लागतो.

मग चक्का की क्वार्क? श्रीखंडासाठी चक्का, निर्विवाद. पाडव्याला हट्टाने क्वार्कचं श्रीखंड केलं. गुळगुळीत झालं, पण वेलची-केशराखाली जो आंबटपणा लागतो तो नव्हता. घरच्यांनी वाटी संपवली ती माझ्याकडे बघून. याउलट जर्मन पद्धतीच्या चीजकेकमध्ये चक्का भाजल्यावर रवाळ झाला आणि क्वार्क अखेरपर्यंत मऊ राहिलं. आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबरचं क्रॉयटरक्वार्क, म्हणजे हिरव्या पाल्याचं क्वार्क! तिथे त्यात कांद्याची पात आणि शेपू घालतात. हो, आपला शेपूच. शेपूच्या भाजीला नाक मुरडणारा माझा मुलगा हे बोटं चाटून खातो, आणि त्यात काय आहे ते मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

पंच्यातून गळणाऱ्या निवळीचं काय करायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. ती तापवून रिकोटा (निवळीचं इटालियन चीज) काढायला गेले, हाती काही लागलं नाही. इतक्या आंबट निवळीतून रिकोटा निघत नाही, त्याला गोडी निवळी लागते. थालीपिठाचं पीठ भिजवायला आणि कढीला मात्र छान. लोखंडी कढईत ठेवू नका.

पैशाचं म्हणाल तर दूध आणि कल्चर धरून, आयात डब्याच्या निम्म्याहून कमी पडतं. वेळ धरला तर हिशेब करू नये. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, आमच्याकडे चार दिवस पुरत नाही. कल्चरला पाचपैकी साडेचार. रेनेटच्या बाटलीला तीन, कारण तिच्या झाकणातून दोन थेंब टाकायला गेलं की पाच पडतात आणि पाच थेंबांचं क्वार्क खोडरबर होतं. मी औषधाचा ड्रॉपर वापरते, तुम्हीही तोच घ्या.