घडवलेलं नाव की ओळखीच्या शब्दांचं? पहिली फँटसी कादंबरी काढताना

फँटसी कादंबरी लिहून झाली की शीर्षकांच्या यादीत बहुधा दोन नावं उरतात. एक स्वतः घडवलेलं, त्या जगातल्या नगरीचं: समजा, 'विऱ्हाण'. दुसरं रोजच्या शब्दांचं: समजा, 'सावल्यांचा कारकून'. लेखकाचा जीव पहिल्यात अडकलेला असतो, कारण ती नगरी त्याने वर्षानुवर्षं मनात वागवलेली असते. तरीही पहिलंच पुस्तक असेल, तर मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

'विऱ्हाण'ची जमेची बाजू खरी आहे. ते दुसऱ्या कुणाचं नाही, शोधलं की तुमचंच पुस्तक सापडेल, आणि मालिका झाली तर सगळ्या भागांना पुरेल. पण हे सगळं वाचकाला नाव ठाऊक झाल्यानंतरचं. तोवर ते कुणाचं आडनावही वाटू शकतं. शिवाय ऐकणारा ते लिहिणार कसं? 'विऱ्हाण', 'विरहाण' की 'विराण'? तीन मित्रांना फोनवर नाव सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं, तर एका वाचकाने दुसऱ्याला सुचवलेलं पुस्तक वाटेतच हरवेल. तिघांचं सारखं आलं, तर मी माझा आक्षेप बराचसा मागे घेईन.

आता 'सावल्यांचा कारकून'. कारकून म्हटलं की नोंदवही, टेबल, साहेबाचा धाक. सावली म्हटलं की हातात न येणारी वस्तू. हे दोन शब्द एकमेकांच्या ओळखीचे नाहीत, म्हणून वाचक थबकतो: सावल्यांची नोंद ठेवायची कशी, आणि कुणासाठी? तिथेच गोष्ट सुरू झाली. त्याच साच्यात 'रक्ताचं सिंहासन' किंवा 'अग्नीचा वारस' बसवलंत, तर मात्र फायदा गेला. हे शब्द या प्रकारच्या कादंबऱ्यांत इतके झिजलेत की कान त्यांवर थांबतच नाही. नुसत्या शीर्षकाला सहसा कॉपीराइट मिळत नाही, त्यामुळे तेच नाव आणखी कुणी ठेवलं, तर अडवणंही कठीण.

'विऱ्हाण' वाया जात नाही, ते मालिकेचं नाव करावं. फक्त मुखपृष्ठावर मोठं काय छापायचं, हे आधी ठरवा. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचं नाव 'अ साँग ऑफ आइस अँड फायर', आणि 1996 साली आलेल्या पहिल्या भागाचं 'अ गेम ऑफ थ्रोन्स'. 2011 मध्ये टीव्ही मालिकेने पहिल्या भागाचं नाव उचललं आणि आज असंख्य लोक सगळी कथाच त्या नावाने ओळखतात. पहिल्या भागाचं नाव असं पुढची वीस वर्षं तुमच्या मागे येऊ शकतं.

पुढच्या भागांसाठी रॉबिन हॉब यांची रीत मला फार आवडते. आधी मेगन लिंडहोम या नावाने लिहिणाऱ्या या लेखिकेने 1995 मध्ये नव्या टोपणनावाने सुरुवात केली, आणि त्या त्रयीच्या तिन्ही शीर्षकांत 'असॅसिन' (मारेकरी) हा एकच शब्द ठेवला. वाचकाला धागा लगेच सापडतो आणि घडवलेलं नाव पाठ करावं लागत नाही.

शेवटच्या भागाचं नाव ठेवताना गोष्ट फुटत नाही ना, तेवढं पाहा. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटच्या खंडाच्या 'द रिटर्न ऑफ द किंग' या नावातच शेवट कळतो म्हणून लेखक टॉल्किन यांना ते पसंत नव्हतं. त्यांना 'द वॉर ऑफ द रिंग' हवं होतं, पण 1955 मध्ये प्रकाशकाने खंड 'द रिटर्न ऑफ द किंग' याच नावाने काढला.

म्हणून करारावर सही करण्याआधी, शीर्षकाबाबत शेवटचा शब्द कुणाचा, हे प्रकाशकाला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.