सेमूर सायमन यांची पुस्तकं: काही महिने घरात वापरल्यानंतर

इथे न्यू जर्सीत लायब्ररीच्या मुलांच्या विभागात विज्ञानाच्या कपाटापुढे उभं राहिलं की सेमूर सायमन हे नाव दिसतंच. तीनशेच्या वर पुस्तकं आहेत या माणसाची. 1955 ते 1979 न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिकवत होते, पहिली पुस्तकं नोकरी सांभाळूनच लिहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून लेकीसाठी एकेक घरी येतंय.

नाव झालं ते मोठ्या फोटोंच्या पुस्तकांमुळे. 'व्होल्कॅनोज' (1988) उघडलं की एका पानावर नुसता मजकूर, समोर पानभर फोटो. सुरुवात रोमन अग्निदेव व्हल्कनपासून, मग माउंट सेंट हेलेन्सचा 1980चा उद्रेक, हवाईचे पसरट ज्वालामुखी. फोटो जबरदस्त. पण प्रकरणं नाहीत, मथळे नाहीत, आमच्या जुन्या प्रतीत तर पान क्रमांकही नाहीत. सात-आठ वर्षांचं मूल फोटो बघतं आणि पान उलटतं. मजकूर आपणच वाचून मराठीत सांगायचा. वाक्यं छोटी, एका वाक्यात एकच गोष्ट, त्यामुळे सांगताना अडायला होत नाही, हे खरं.

माझं मत विचाराल तर खरे मास्तर भेटतात ते 1971च्या 'द पेपर एरोप्लेन बुक'मध्ये. एकही फोटो नाही, साधी चित्रं. एक कागद सपाट धरून सोडा, दुसरा चुरगाळून सोडा, आधी कोणता पडतो? उत्तर सांगायची घाई नाही. तुम्ही करून बघेपर्यंत थांबतात. मग विमानाची मागची कड वर दुमडा, खाली दुमडा, काय होतं बघा. असं करत करत हवेचा रोध, उचल, गुरुत्वाकर्षण सगळं येतं, व्याख्या पाठ न करता. वर्गात चाळीस हात वर असताना प्रश्न कुठे सोडून द्यायचा, हे ज्याने केलंय त्यालाच असं लिहिता येतं. आमच्याकडे पंख्यावर, पडद्याच्या दांडीवर अजून विमानं अडकलेली आहेत. (रद्दी मुबलक ठेवा.) फोटोवाली लायब्ररीतून आणावीत, हे मात्र विकत घ्यावं.

ग्रहताऱ्यांची पुस्तकं उचलताना आधी छपाईचं साल बघा. 'अवर सोलर सिस्टिम'च्या 1992च्या आवृत्तीत प्लूटो अजून नववा ग्रह आहे. सुधारित आवृत्त्या निघाल्यात, पण लायब्ररीत जुन्या-नव्या शेजारी शेजारीच असतात.