थ्रीएम १८६० मास्क : रुग्णालयासाठी खरेदी करण्यापूर्वी

संसर्ग नियंत्रणाचे काम करणारी परिचारिका म्हणून थ्रीएम कंपनीच्या १८६० या एन ९५ मास्कविषयी मी हे लिहीत आहे. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत जगभर नोंदवलेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के आरोग्य कर्मचारी होते. कोविडमध्ये जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात साधारण १,१५,००० आरोग्य कर्मचारी दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे मास्कची खरेदी केवळ सर्वांत कमी दर पाहून करणे मला मुळीच मान्य नाही.

कपासारखा आकार, डोक्यामागून जाणारे दोन पट्टे आणि नाकावर दाबून बसवायची धातूची पट्टी अशी या मास्कची रचना आहे. तो द्रवरोधक असल्याने सक्शन (घशातील स्राव नळीने ओढून काढणे) किंवा इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे) करताना उडणाऱ्या थेंबांपासूनही संरक्षण मिळते. त्याला झडप नाही, आणि हे चांगलेच आहे, कारण झडपेतून उच्छ्वास न गाळताच बाहेर पडतो. झडपेच्या मास्कविरुद्ध केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्ये राज्यांना पत्रही लिहिले होते. कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागचे पट्टे मला केव्हाही अधिक भरवशाचे वाटतात, कारण मास्क चेहऱ्याला घट्ट धरून ठेवण्याएवढा ताण कानाच्या दोऱ्यांना सहसा मिळत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती याची लहान मापातील आवृत्ती, म्हणजे १८६०एस. आपल्याकडील अनेक सिस्टरांचे चेहरे लहान असतात आणि नेहमीच्या मापाचा मास्क त्यांच्या हनुवटीखाली किंवा नाकाच्या बाजूला पोकळी ठेवतो. श्वास त्या फटीतूनच आत जाऊ लागला, तर गाळणी ९५ टक्के कण अडवणारी असूनही तिचा उपयोग राहत नाही. मास्क नीट बसला आहे ना, याची खात्री सॅकरिन या गोड पदार्थाच्या चाचणीने करता येते. मास्क लावलेल्या कर्मचाऱ्याच्या डोक्यावर टोपासारखे आवरण घालून आत सॅकरिनचा फवारा सोडतात आणि त्याला मान वळवायला, वाकायला, मोठ्याने वाचायला सांगतात; या दरम्यान जिभेला गोड चव लागली, तर मास्क बसलेला नाही. दाढी राखलेल्यांची ही चाचणी करून उपयोग नाही, कारण केसांमुळे मास्कची कड त्वचेला टेकतच नाही.

मर्यादाही आहेत, मात्र त्या सगळ्याच एन ९५ मास्कच्या आहेत. गाळणीच्या धाग्यांवरील स्थिर विद्युतभार बारीक कण धरून ठेवतो, म्हणून मास्क धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारला तर तो वरून धडधाकट दिसतो, पण निकामी होतो. या मॉडेलच्या बनावट प्रती महामारीत जगभर पकडल्या गेल्या, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याखेरीज कोणाकडूनही माल घेऊ नये.

आणखी एक गोष्ट कोणताही मास्क करू शकत नाही. रुग्णाजवळ सहा तास कडेकोट राहिलेली माणसे चहाच्या खोलीत एकाच टेबलाभोवती मास्क काढून डबे उघडतात, आणि विषाणू एका सहकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जायला तेवढी संधी पुरते. कोविडच्या पहिल्या लाटेत हे आमच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. म्हणून मास्कच्या साठ्याबरोबर हवेशीर जेवणघर आणि जेवणाच्या वेगवेगळ्या पाळ्या यांचीही तरतूद व्हायला हवी.

मागणीपत्रात दोन्ही मापे आणि चाचणीचे किट आवर्जून लिहावे. डॉक्टर व सिस्टर यांच्याबरोबरच बेडपॅन उचलणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि लाँड्रीतील कर्मचारी यांचीही संख्या त्यात धरावी. रुग्णाच्या उशाशी तेही तितकेच जातात, आणि त्यांना साधा कापडी मास्क देऊन मोकळे होणे हा उघड अन्याय आहे.